ओमेशच्या आईला दाखवायचा रिपोर्ट

मोहगाव,
९ नोव्हेंबर २०२५

ओमेशच्या आईला दुलीचंदचा राम राम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. तुला वाचता येत नाही हे मी विसरलेलो नाही. तुझ्या भावाची सून रुची अंगणवाडीत शिकवते, ती वाचून दाखवेल. रुची बेटा, सावकाश वाच. घाईत वाचलं की तुझी आत्याबाई अर्धं ऐकते आणि उरलेलं स्वतःच्या मनाने जोडते.

इकडे सगळं ठीक आहे. धान कापून झालं, शेतात बांधीत वाळतं आहे. आभाळ येऊन राहिलं होतं, पण गेलं. कोंबड्यांचं दार तू रात्री कशाने अडकवत होतीस ते मात्र कळव. मी वीट लावतो तर मुंगूस ती सरकवतं, आणि मग मला झोप लागत नाही.

आता मुद्द्याचं. तू सगळ्या साड्यांचं गाठोडं काखेत घेऊन भर दारात बोललीस, "खऱ्या डॉक्टरले दाखवा. सुई टोचून पाठवून देते त्याले नाही, आतलं सारं पायते थ्या डॉक्टरले. तवापर्यंत मी या घरात पाय ठेवत नाही." हे शेजारच्या मंदाबाईने ऐकलं. आता ती रोज सकाळी कुंपणावरून विचारते, "आली का जी बाई?" मी सांगतो, भावाकडे मळणी आहे, धान चुरायला मदतीला गेली. ती म्हणते, "या वयात धान चुराले? तुमी घरी रिकामे बसून अन् थे तिकडे चुरून राहिली?" म्हणजे दोन्हीकडून माझीच बदनामी.

तर मी ठरवलं आहे. डॉक्टरला दाखवणार. ओमेशने माझं सत्तर वर्षांवरच्या लोकांचं आयुष्मान कार्ड काढलं. मोबाइलवर अंगठा लावला, फोटो काढला, आणि फोटो असा आला आहे की कार्डावरचा माणूस आधीच गेलेला वाटतो. पण कार्ड पक्कं आहे. आपल्याकडे शेती आहे, रोकड नाही, हे तुला सांगायला नको. आता कार्ड घेणारा डॉक्टर शोधायचा एवढंच काम उरलं. गोंदियात काय डॉक्टरांची कमी आहे? रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाट्याच पाट्या आहेत. आठवड्याभरात काम होतं की नाही बघ.

तुझी तब्येत सांभाळ.

रुची, पुढचं आत्याबाईला वाचू नकोस. रात्री आडवं झालं की मला दम लागतो. मी भिंतीला धानाचं पोतं लावून त्याला टेकून बसतो आणि तसाच झोपतो. थंडीमुळे असेल.

दुलीचंद बिसेन

◆

फुलचूर,
१६ नोव्हेंबर २०२५

ओमेशच्या आईला राम राम.

मी ओमेशकडे फुलचूरला आलो आहे. गावाहून गोंदियाला रोज येणं-जाणं नको, असं त्याचं म्हणणं. कोंबड्या मंदाबाईकडे दिल्या. अंडी ती मोजून देईल असं वाटत नाही, पण आता त्याची काळजी करत नाही. थोडी करतो.

काम झालं. सविस्तर सांगतो, म्हणजे तुला खात्री पटेल.

राइस मिलमधून सुट्टी घेऊन ओमेश मला मोटरसायकलवर बसवून निघाला. पहिल्याच मोठ्या दवाखान्यावर हिंदीत पाटी होती की इथे आयुष्मान कार्ड चालतं. मी म्हटलं, बघ, किती सोपं. आत काचेमागे एक पोरगी बसलेली. तिने विचारलं, "बाबाजी, घुटना बदलवाना है?"

"नाही."

"कमर? कूल्हा?"

"नाही बा. आतून दाखवाचं आहे. दम लागते, साखर आहे, बीपी आहे."

"अंदर का यहाँ नहीं होता. यहाँ हड्डी का होता है."

मी ओमेशला म्हटलं, गुडघा तर माझा दुखतोच. एवढं आलो आहोत तर तोच दाखवू, कार्ड वाया कशाला घालवायचं. त्याने मला हाताला धरून बाहेर आणलं. पुढच्या ठिकाणी कार्ड चालत होतं, पण ते डोळ्यांचं होतं. तिथून निघालो. आतल्या रोगांच्या डॉक्टरला एम.डी. मेडिसिन म्हणतात, हे मला त्या दिवशी पाठ झालं. तसे डॉक्टर गोंदियात आहेत, चांगले आहेत, पण एकाकडे कार्ड चालत नव्हतं, आणि दुसऱ्याकडे चालायचं तर भरती व्हावं लागत होतं. काउंटरवरच्या माणसाने समजावलं, "कार्डावर नुसती तपासणी होत नाही काका. डॉक्टर म्हणाले की भरती करा, तर कार्ड. नाहीतर फी." ओमेशने फी दिली. मी नको म्हणत होतो.

आता ऐक. त्या डॉक्टरने मला तपासलं. खरा डॉक्टर, पाटीवर एम.डी. मेडिसिन लिहिलेला. उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर दोन्ही काढली. पाय बघितले, बोटाने दाबले. मग म्हणाला, "या वयाच्या मानाने छान आहे. गोळ्या चालू ठेवा. भरतीची काही गरज नाही."

रिपोर्ट सोबत पाठवतो. रुची आकडे वाचून दाखवेल. आपल्या गावचा योगराज मिलमधून पोहे भरून तुमच्याकडे तुमसरला गाडी नेतो, त्याच्याच हाती हे देतो. पोस्टाचा भरवसा नाही, आणि रिपोर्टला घडी पडली की आकडा पुसला जातो.

तू जे सांगितलंस ते मी केलं. आता पुढचं तू ठरव. ओमेशची बायको अंजू विचारत होती, आई कधी येणार म्हणून. मी म्हटलं, येईलच आता.

रुची, हे तेवढं गाळ. आदल्या रात्री पायांना जवसाचं तेल चोळून पट्ट्या गुंडाळल्या होत्या, नाहीतर बूट शिरत नाहीत. डॉक्टरच्या दारात फाटक्या चपलेने कसं जायचं? लोक काय म्हणतील, बिसेन घराण्यातला माणूस. सकाळी पट्ट्या सोडल्या तेव्हा पाय अगदी नवरदेवासारखे बारीक झाले होते.

दुलीचंद

◆

फुलचूर,
२२ नोव्हेंबर २०२५

ओमेशच्या आईला,

योगराजने तुझा निरोप दिला. चार माणसांत दिला, हे वाईट झालं. अंजू पाणी घेऊन उभी, ओमेश कामावरून आलेला, आणि हा अंगणात गाडी बंद न करता ओरडतो, "काकाजी, काकीनं इचारलं, भात कवापासून बंद होता?"

मी म्हटलं, "कोनता भात?"

"मले काय मालूम! थे म्हने, रुचीनं आकडा वाचून दाखवला, तवाच मले समजलं. भात खाऊन त्याईची साखर एवढी कमी येतच नाही. नक्कीच दोन दिवस जवारीच्या भाकरीवर राहिले अन् मंग गेले. अन् पायाले पट्ट्या कायले बांधल्या, थेही इचारजो म्हने."

म्हणजे रुची, तू सगळं वाचलंस. ठीक आहे. यापुढेही वाचशील हे मला कळलं. तरी मी लिहिणार, कारण माणसाला कुणाला तरी सांगावं लागतं, आणि ओमेशला सांगितलं तर तो लगेच चिडतो.

चिडलाच तो. म्हणाला, "बाबा, तुमी डॉक्टरले फसवून राहिले का सोताले?" अंजू हळूच म्हणाली, "मी रोज म्हणत होते, मामाजी, थोडा तरी भात घ्या." मी दोघांनाही सांगितलं की मोठ्या माणसाकडे जाताना कपडे धुऊन जातात, तसं हे आहे. तू तरी सांग, आपण ओमेशसाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी घर सारवलं होतं की नाही? त्याला कुणी फसवणूक म्हणतं का?

असो. तुझं समाधान झालं नाही, म्हणून मी दुसरा डॉक्टर गाठला. यात माझा कमीपणा नाही. एकाच्या जागी दोन खरे डॉक्टर झाले.

हे अंजूने जमवलं. तिने इकडे-तिकडे चौकशी करून एका दवाखान्याचा पत्ता काढला. तिथे टेबलामागे हिमांशू नावाचा मुलगा बसतो. त्याला आरोग्यमित्र म्हणतात, म्हणजे कार्डवाल्यांचं काम बघायला बसवलेला माणूस. त्याने कार्ड मशीनवर लावून पाहिलं आणि म्हणाला, "कार्ड चालू आहे आजोबा. अन् इथं मेडिसिनच्या मॅडम आहेत, कार्डावर पेशंट घेतात. पण भरतीची गरज आहे का नाही, हे मॅडमच ठरवतील. मी नाही, तुम्हीही नाही." मला पोरगा आवडला. थोडा आगाऊ आहे.

मॅडमचं नाव हर्षिता. वयाने आपल्या ओमेशपेक्षा लहान दिसतात. तूच म्हणायचीस ना, आतलं सारं बघणारा डॉक्टर? यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मान बघितली, पाठीला नळी लावून श्वास ऐकला, पोट ठोकलं. माझा जुना रिपोर्ट पाहिला. पाय पाहिले. मी आधीच सांगितलं, "मॅडम, मी एकदम चांगला आहे, घरच्यांचा वहम आहे." त्या म्हणाल्या, "अच्छा है. फिर भी खून देके जाइए. इसमें तीन महीने वाली शुगर है." छातीचीही एक तपासणी मशीनवर केली. त्यात पडद्यावर आपलं काळीज हलताना दिसतं. मी बघितलं नाही.

रक्त दिलं. तीन महिने म्हणजे काय ते विचारलं नाही. मोठी तपासणी असणार, म्हणून मी या वेळी भाताकडे बघितलंसुद्धा नव्हतं, साखरेचा चहाही सोडला होता. तेव्हा काही काळजी नाही. सोमवारी रिपोर्ट येईल आणि तो पहिल्यापेक्षा सरस असेल. तो मी मॅडमच्या सहीनिशी पाठवतो. दोन डॉक्टरांच्या वर तू काय म्हणशील?

थंडी वाढली आहे. तुझी शाल मोहगावला कपाटातच राहिली आहे. पाठवत नाही. आलीस की घे.

दुलीचंद

◆

गोंदिया, दवाखान्यातून,
२६ नोव्हेंबर २०२५

ओमेशच्या आईला,

पत्ता बघून घाबरू नकोस. मी भरती झालो आहे, पण स्वतःच्या पायाने चालत येऊन झालो आहे. क्रमाने सांगतो.

सोमवारी मॅडमच्या हातात रिपोर्ट आला. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि पेनाने आकड्याभोवती गोल केला. मी म्हटलं, "चांगला आहे ना?"

त्या म्हणाल्या, "बाबाजी, दो दिन रोटी खाके आए थे ना?"

मी ओमेशकडे बघितलं. त्याने मान दुसरीकडे केली.

"ये तीन महीने की शुगर है. दो दिन का उपवास इसमें नहीं दिखता. इसमें दिवाली दिखती है, उसके पहले का भी सब दिखता है. आपकी शुगर बहुत बढ़ी हुई है. और दिल थक गया है, पानी भर रहा है. रात को लेटके सोते हो?"

मग ओमेश बोलला, "पोतं लावून बसून झोपते मॅडम. आमाले आत्ता आत्ता समजलं."

त्या रागावल्या नाहीत. त्याच्यानेच मला जास्त घाम फुटला. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मराठीत विचारलं, "मला फसवून तुम्हाला काय मिळणार होतं? मी बरं म्हटलं तर तुम्ही बरे होणार होतात का? हा रिपोर्ट कुणाला दाखवायचा होता?"

मी म्हटलं, "घरवालीले."

ओमेश तिथेच बसला होता. त्याच्यासमोर म्हटलं मी हे. बाहेर रांगेत बसलेल्या दोन बायांनीही ऐकलं असेल, दार उघडंच होतं.

मॅडम म्हणाल्या, "मग त्यांच्यासाठीच एक काम करा. उद्या घरी जसे राहता तसे या. भात खाऊन या. पायाला काही बांधू नका, तेल लावू नका. बूट जात नसतील तर घालू नका."

मला रात्रभर काळजी. एवढं खराब घेऊन कुणाच्या दारात जायचं? सकाळी अंजूने भात वाढला, वरून वरण आणि वांग्याची भाजी. मी खाल्ला. खोटं कशाला बोलू, पोटभर खाल्ला, दुसऱ्यांदा मागून घेतला. पाय असे सुजले होते की ओमेशच्या मोठ्या चपलाही चढेनात. मी अनवाणी गेलो. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवरून अनवाणी चाललो, सगळ्यांनी बघितलं, आणि कुणी काही म्हटलं नाही.

मॅडमने नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला, पिठाच्या गोळ्यात राहतो तसा. त्या बाहेर आवाज देऊन म्हणाल्या, "हिमांशू, बाबाजी को भरती करो. कार्ड पे."

ओमेशची आई, कार्ड चाललं! गुडघ्यावाल्याकडे नाही, डोळेवाल्याकडे नाही, चांगला रिपोर्ट घेऊन गेलो तिथे तर नाहीच नाही. खराब पाय घेऊन गेलो आणि चाललं. हिमांशूने खाटेवर बसवून माझा फोटो काढला, अंगठा घेतला, आणि म्हणाला, "आजोबा, आता हसा, मंजुरी आली." गोळ्या, सुया, जेवण, कशालाच पैसे लागत नाहीत. मी ओमेशला म्हटलं, बघ, मी सांगत होतो की नाही, कार्ड घेणारा डॉक्टर मी शोधणारच. तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

सुईने लघवी खूप होते. दम पुष्कळ कमी आहे. काल रात्री मी उशीवर डोकं ठेवून झोपलो.

आता एकच अडचण आहे. सिस्टरबाई म्हणतात, रात्री सोबत कुणीतरी लागतं. धानाचा हंगाम असल्यामुळे ओमेशची मिल रात्रीची चालू आहे. अंजूला लहान लेकरू. काल ओमेश रजा टाकून थांबला, आज थांबेल, उद्याचं माहीत नाही. मी सिस्टरबाईला सांगितलं, मला सोबत लागत नाही, मी जंगलात जागलीला एकटा राहिलेला माणूस आहे.

रुची, आता हे मोठ्याने वाच. दोनदा वाच.

मला एकट्याने भीती वाटते. पडद्यावर काळीज हलताना मी बघितलं होतं. खूप हळू हलतं. ये.

दुलीचंद

◆

गोंदिया, दवाखान्यातून,
२ डिसेंबर २०२५

चि. रुचीला अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुलाच आहे, कारण तुझी आत्याबाई माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसली आहे आणि मी काय लिहितो ते विचारून राहिली आहे. मी सांगितलं, रुचीला खुशाली लिहितो. ती म्हणते, "लिवा. खरं लिवा."

तर खरं लिहितो. योगराजच्या परतीच्या गाडीत रिकाम्या पोत्यांवर बसून ती आली, हे तुला माहीत आहे. वॉर्डात आली तेव्हा मी झोपलो होतो. जाग आली तर ती माझ्या पायावर अंगठा दाबून बघत होती. खड्डा पडतो की नाही ते. मी म्हटलं, "आलीस?" ती म्हणाली, "सूजन उतरली वाटते." एवढंच. मग शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईशी बोलायला लागली आणि अर्ध्या तासात त्या बाईला तुझ्या लग्नाचीसुद्धा गोष्ट सांगून झाली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. नेहमीप्रमाणे विचारलं, "कैसे हो बाबाजी?" मी म्हटलं, "एकदम चांगला." तुझी आत्याबाई पुढे झाली, "चांगले कायचे जी? पहाटे दोनदा उठून बसले. गोळी घेतली अन् पानी नाही पिले. अन् शेजारच्या डब्यातला लाडू घेतला, थो मी हातातून काढला." मॅडम सगळं लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "अब मेरा काम आसान हो गया." तेव्हापासून त्या मला काही विचारतच नाहीत. सगळं तिलाच विचारतात. मी आहे की नाही, असं वाटतं.

उद्या सुट्टी होणार. हिमांशूने समजावलं की घरी गेल्यावर पुढची तपासणी इथेच आहे, गोळ्यांचं काय ते तो सांगेल. मॅडमनी भात बंद केला नाही. मूठभर खा म्हणाल्या, पण रोज तेवढाच. मला वाटलं होतं की बंदच करतील. एवढं जरी आधी कळलं असतं!

आता तुला लिहायचं कारण. काल मी तुझ्या आत्याबाईला विचारलं, "मंग सुट्टी झाली की मोहगावला जायचं ना आपण?"

ती म्हणाली, "मी घरी परत आली असं कोनं सांगतलं तुमाले? मी दवाखान्यात आली."

"मंग?"

"मंग काय? मॅडमनं सांगतलं, तीन महिन्यांनी थ्येच मोठी शुगर पुन्हा काढाची. थो रिपोर्ट येऊ द्या. तवा पाहू, कोन कुठी राह्यते थे."

"अन् तवापर्यंत?"

"तवापर्यंत तुमच्या ताटात काय पडते, थे कोन पाहील? मंदाबाई?"

मॅडमनी बरं म्हटलं तरी आणि हिमांशूच्या मशीनने मंजुरी दिली तरी, शेवटचा रिपोर्ट तुझी आत्याबाईच बघणार, असं दिसतं. मला मान्य आहे. मी तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "मोठे उपकार."

तेव्हा बेटा, एक काम कर. ती घाईत आली, अंगावरची आणि पिशवीतली अशा दोनच साड्या आहेत. बाकीच्या योगराजकडे दे. तो गुरुवारी पोहे घेऊन तिकडे येईल तेव्हा परत जाताना गाडी रिकामीच असते, तर गठ्ठा मोठा झाला तरी चालेल. जाड साड्या दे, थंडी आहे. आणि उन्हाळ्यातल्या सुती असतात ना, त्याही सगळ्या दे.

तुझा मामाजी,
दुलीचंद बिसेन